झेपेल का?

‘झेपणे’ हा मराठीतला मोठा प्रामाणिक शब्द आहे. ‘उचलणे’ यात नुसती ताकद आहे, ‘पेलणे’ यात थोडा डौल आहे, ‘निभावणे’ यात नाइलाज आहे. पण ‘झेपणे’ या शब्दात अंगाची आणि ओझ्याची एकमेकांशी घातलेली गाठ आहे. “हे मला झेपणार नाही” असे म्हणणारा माणूस ओझ्याला नावे ठेवत नाही, आणि स्वतःलाही कमी लेखत नाही. तो फक्त हिशेब सांगतो. गेली अठरा वर्षे वर्गात हा फरक समजावून देताना मी बाजारातल्या हमालाचे आणि एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेचे उदाहरण देत आलो. यंदापासून त्यांच्या जोडीला मोटारीचे इंजिन आले आहे.

या पानाचे नेहमीचे वाचक म्हणतील, हे गृहस्थ आजवर शब्दांविषयी आणि माणसांविषयी लिहीत आले. आता दिवाळी अंकात जागा थोडी जास्त मिळाली म्हणून थेट मोटारीच्या पोटात शिरले की काय? तर होय, शिरलो. आणि तेथे मला इतके चांगले मराठी ऐकायला मिळाले, की ते वाचकांपासून लपवून ठेवणे बरे नव्हे.

निमित्त झाला माझा एक जुना विद्यार्थी. वर्गात अत्यंत मितभाषी. पण मोटारीचा विषय निघाला की त्याला वाचा फुटायची. नोकरी लागल्यावर त्याने एक लिटरची, टर्बो बसवलेली गाडी घेतली. टर्बो म्हणजे काय, हे त्याने मला एकदा चहाच्या टपरीवर बशीत चमचा फिरवून समजावले होते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी फुकट जातो. त्या धुराच्या वाटेवर एक चक्र बसवायचे. धुराने ते फिरते, त्याच दांड्यावर पलीकडे दुसरे चक्र फिरते, आणि हे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते. पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. ही चक्रे मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतात. कल्पना अलीकडची नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचे पेटंट घेतले होते. टाकाऊतून टिकाऊ करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना ही कल्पना फार आवडली असती.

आता मौज अशी की, हवा किती कोंबायची हे आजच्या गाडीत एक संगणक ठरवतो. त्या संगणकाला लॅपटॉप जोडून त्यातले आकडे बदलता येतात. हे काम करणारी दुकाने आहेत, आणि अशाच एका दुकानात जाऊन आमच्या या चिरंजीवांनी ११० घोड्यांची गाडी अर्ध्या तासात १४० घोड्यांची करून आणली. ना एक बोल्ट सैल केला, ना हाताला तेल लागले. अर्ध्या तासात ३० घोडे! शिवकाळात एवढे घोडे गोळा करायला सरदाराला हंगाम घालवावा लागला असता.

पुढे सहा महिन्यांनी कोकणातून परत येताना करूळचा घाट चढत असता गाडीने निळा धूर सोडायला सुरुवात केली. मागे आई बसली होती. घाट अरुंद, पाऊस सुरू, संध्याकाळची वेळ. गाडी बंद पडली नाही एवढेच नशीब. कशीबशी गगनबावड्यापर्यंत आली आणि तेथून दुसऱ्या गाडीला बांधून कोल्हापुरात. दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला. मोटारीचे मला काही कळते म्हणून नव्हे; मिस्त्रींसमोर एकट्याने उभे राहण्याचा धीर त्याला होईना म्हणून!

शिवाजी उद्यमनगरातले ते दुकान म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला बोअर करायचे यंत्र, भिंतीवर गणपती आणि त्याच्याखाली ओळीने टांगलेले पाने. मिस्त्री साठीचे. त्यांनी इंजिन आधीच खोलून ठेवले होते. एक पिस्टन त्यांनी फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. दिसायला छोट्या तांब्यासारखा. वरच्या काठाजवळ रिंगा बसवायच्या खाचा. त्यातल्या दोन खाचांमधला कंगोरा तुटून पडला होता.

“सर,” मिस्त्री म्हणाले, “ह्यानं वारं वाढवलं. पर वारं झेलणारं कायच वाढवलं न्हाई.”

भाषेच्या दृष्टीने या वाक्यात काढण्याजोगे एक अक्षर नाही. त्या दुकानात मी पुढे चार-पाच संध्याकाळी गेलो, आणि जे ऐकले, पाहिले, नंतर वाचून ताडून घेतले, ते सगळे या एका वाक्याचेच भाष्य होते.

हिशेब करून पाहा. ७५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचा माथा ४४ चौरस सेंटिमीटर भरतो. टर्बोच्या इंजिनात पेट्रोल जळते त्या क्षणी त्यावरचा दाब बाहेरच्या हवेच्या शंभरपट सहज होतो. म्हणजे तळहाताहून लहान असलेल्या त्या तांब्याच्या डोक्यावर साडेचार टनांचा भार पडतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला २५ वेळा घडते. एवढे सगळे मुकाट्याने झेलणारी वस्तू ॲल्युमिनियमची. आणि तिच्या डोक्यावरची ज्वाला ॲल्युमिनियमला वितळवायला पुरून उरेल इतकी तप्त. आलेली उष्णता रिंगांवाटे, भिंतींवाटे, तेलावाटे चटकन वाटून टाकते म्हणून ती टिकते.

हे सुरळीत चालले तर ठीक. पण ठिणगीने लावलेली आग पसरत असताना कोपऱ्यात उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकले, तर आत हातोडा बसल्यासारखा आघात होतो. गॅरेजात म्हणतात, “इंजिन ठोकतंय.” मोठा गिअर, कमी फेरे, चढ आणि पायाखाली पुरता दाबलेला ॲक्सिलरेटर हा ठोक्याला बोलावण्याचा हमखास मुहूर्त. करूळच्या घाटात नेमके हेच जुळून आले होते.

टर्बो लावणाऱ्यांपुढे हा प्रश्न पहिल्यापासून उभा आहे, आणि त्याची दोन उत्तरे इतिहासात नोंदलेली आहेत. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबाइल कंपनीने ‘जेटफायर’ नावाची टर्बो मोटार विकायला काढली. टर्बो असूनही तिच्या इंजिनाचे मूळचे आवळून दाबणे, म्हणजे कॉम्प्रेशन, सव्वादहाला एक इतके जबर ठेवले होते. मग ठोका बसू नये म्हणून मिथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडायची व्यवस्था केली. ही टाकी मालकाने भरत राहायची! मालक लोक ती भरायला विसरू लागले. टाकी रिकामी झाली की आपोआप दाब कमी होई, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तो जोरच नाहीसा होई. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली, आणि पुढे कंपनीने ज्यांना हवे त्यांच्या गाडीतला टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. दुसरे उत्तर जर्मनीचे. बी. एम. डब्ल्यू.ने १९७३ मध्ये ‘२००२ टर्बो’ आणली तेव्हा आतले पिस्टनच बदलून कॉम्प्रेशन ६.९ ला एक इतके खाली आणले. टर्बो किती दाबणार हे आधी धरले, आणि इंजिनाने तेवढे कमी दाबायचे ठरवले. एकाने ओझे तेवढेच ठेवून औषधाची बाटली सोबत दिली. दुसऱ्याने ओझे घेण्यापूर्वी पाठीवरचे आधीचे गाठोडे उतरवले.

त्याच कंपनीची पुढची कथा मिस्त्रींना सांगितली तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. १९६२ पासून बाजारात आलेल्या त्यांच्या ८० घोड्यांच्या साध्या घरगुती मोटारीत बिडाचा एक चार सिलिंडरचा ब्लॉक होता. त्याच घराण्यातल्या ब्लॉकवर पाउल रोशे या इंजिनिअरने शर्यतीचे दीड लिटरचे टर्बो इंजिन उभे केले, आणि १९८३ साली नेल्सन पिके त्यावर फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. टर्बो गाडीने ते अजिंक्यपद मिळवण्याची ती पहिली वेळ. आतले क्रँक, रॉड, पिस्टन, वरचे हेड, सगळे नवे. ब्लॉक तेवढा जुना. आणि जुना म्हणजे खरोखर जुना! रस्त्यावर हजारो किलोमीटर धावलेल्या गाड्यांचे ब्लॉक ते मुद्दाम वापरीत, असे सांगतात. कारण तापून निवून त्यांच्या अंगातले ओतकामाचे ताण मोकळे झालेले असत. पुढे १९८६ मध्ये मुख्य शर्यतीआधीच्या वेळ-चाचणीत या इंजिनाचा जोर १३०० घोड्यांच्या आसपास गेला असे मानतात. मात्र त्या चाचणीचे इंजिन चार-दोन फेऱ्यांपुरतेच असे. दिवाळीतल्या बाणासारखे: वर गेला की काम संपले.

“म्हंजे जुनं बीड चांगलं,” मिस्त्री एवढेच म्हणाले. पण चेहऱ्यावर समाधान असे, की जणू जर्मनीहून त्यांना कोणी प्रशस्तिपत्र पाठवले आहे.

मग प्रश्न आला, या गाडीत बदलायचे काय? येथे मला मराठीतली दोन विशेषणे नव्याने भेटली: ओतीव आणि घडीव. कारखान्यातून येणारे नेहमीचे पिस्टन बहुधा ओतीव असतात, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले. त्यांना हलका, सारखा भार सोसतो. पण ठोका बसला की काचेसारखा टवका उडतो. घडीव पिस्टन तापल्या धातूवर प्रचंड दाब देऊन घडवतात; त्यात धातूचे कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. देवघरातली ओतीव मूर्ती आणि लोहाराने ठोकून काढलेला नांगराचा फाळ यांत जो फरक, तोच हा. घडीव कामाची आपल्याकडे परंपराही आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जमध्ये घडवलेले क्रँकशाफ्ट आज देशोदेशींच्या गाड्यांत फिरत आहेत.

पण घडीव पिस्टनला एक खोड आहे. जास्त चिवट घडीव पिस्टनच्या धातूत सिलिकॉन जवळजवळ नसते, त्यामुळे तो तापल्यावर जास्त फुगतो. म्हणून त्याच्याभोवती थंडपणी जागा जास्त सोडावी लागते, आणि सकाळी गाडी सुरू केली की तो तापेपर्यंत खडखडतो. रिंगांचेही तसेच. रिंगेच्या दोन टोकांमध्ये थोडी फट ठेवतात. या मापाच्या साध्या इंजिनात ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते. टर्बोचा दाब वाढवायचा तर ०.४ च्या पुढे न्यावी लागते. कारण उष्णतेने रिंग लांबते. फट कमी पडली तर तिची दोन्ही टोके एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते आणि पिस्टनचा कंगोराच ओढून काढते. मी मिस्त्रींना विचारले, “मजबूत करायचे म्हणजे सगळे घट्ट करायचे ना?” त्यांनी पातळ पट्टीचे गेज रिंगेच्या फटीत सरकवून दाखवले. “न्हाई सर. तापल्यावर किती पसरणार ते आधी धरायचं, आन् तेवढी जागा सोडायची. घट्ट बसवलेलंच आधी मोडतंय.”

घरोघरी चौकटीत लावावे असे हे वाक्य आहे; पण ते त्यांनी रिंगेविषयीच म्हटले होते, आणि मीही येथे ते रिंगेविषयीच नोंदवतो.

पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड दोन तऱ्हांनी मरतो. कमी फेऱ्यांवर दाब फार झाला तर वाकतो. फेरे फार झाले तर ओढला जाऊन तुटतो, किंवा त्याचे बोल्ट तुटतात. फेरे दीडपट केले की ओढ सव्वादोन पट होते. त्यासाठी निकेल, क्रोमियम मिसळलेल्या पोलादाचे घडीव रॉड मिळतात, आणि त्यांचे बोल्ट नुसते हाताच्या अंदाजाने नव्हे, तर आवळताना किती ताणले गेले ते मोजून बसवतात. त्यानंतर हेडचे स्टड, कारण वाढलेला दाब हेडच उचलू पाहतो. मग पोलादी पदरांचे गॅस्केट. मग बेअरिंगमधले अंतर. मग पेट्रोल पुरवणारे इंजेक्टर, कारण हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडले तर उत्तमातला उत्तम घडीव पिस्टनही वितळतो. इंजिन पुरे झाले तर क्लच घसरू लागतो. क्लच बदलला तर गिअरबॉक्स. ते झाले तर ब्रेक. एक दुवा भक्कम केला की भार नाहीसा होत नाही, तो मुकाट्याने पुढच्या दुव्यावर जाऊन बसतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: या आतल्या सामानाने जोर एका घोड्यानेही वाढत नाही! घडीव पिस्टन घोडे आणत नाहीत. आलेल्या घोड्यांना ठाण बांधून देतात. म्हणूनच त्याची हौस कमी. पैसे पुष्कळ, दिसत काही नाही, आणि मित्रांना बॉनेट उघडून दाखवावे तर बाहेरून इंजिन होते तसेच.

मिस्त्रींनी कागदावर आकडा मांडला. तो पाहून विद्यार्थी गप्प झाला. त्याचे वडील शेतकरी. ते त्या दिवशी सोबत होते. त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, “ठिबकचं पैसं ठेवल्यात, त्यातनं घे. ठिबक पुढच्या साली घालू.” एवढा वेळ इंजिनात चाललेली ‘झेपेल का’ची चर्चा अचानक घरात आली. शेडमधला लेथ तेवढा फिरत राहिला.

मिस्त्रींनीच ती कोंडी फोडली. त्यांनी पोराला विचारले, “गाडी कशाला हाय? आईला घिऊन जायला, का पळवायला?”

“दोन्हीला, मामा.”

“एकच इंजन दोन्ही करतंय व्हय रे?”

कायद्यानेही याचे उत्तर दिलेले आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या नोंदणीपत्रातला तपशील बनवणाऱ्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. विम्याचा दावा अडतो तो वेगळाच. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी, घाटात समोरून येणाऱ्या एस. टी.च्या प्रवाशांनी आपल्या हौसेचा भार का उचलावा?

शेवटी ठरले ते असे. गाडीत कारखान्याचेच पिस्टन बसले, ब्लॉकला होनिंग झाले, आणि संगणकातले आकडे मूळचे झाले. ती पुन्हा ११० घोड्यांची आहे आणि आईला घेऊन कोकणात जाऊन आली आहे. ठिबक वेळेवर पडले. आणि मिस्त्रींच्या शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली भंगारातून आणलेला, त्याच जातीचा एक ब्लॉक आहे. विद्यार्थी दर महिन्याला आपल्या पगारातून त्यासाठी एकेक वस्तू आणतो. पहिल्यांदा रॉड आले, मग पिस्टन. टर्बो सर्वांत शेवटी यायचा आहे. पुरे झाल्यावर ते इंजिन रस्त्यावर नव्हे, शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर चालणार आहे. दोन वर्षे लागतील म्हणतो. ज्याने अर्ध्या तासात ३० घोडे आणले, तो आता दोन वर्षे ठाण बांधत बसला आहे, आणि मला तो पूर्वीपेक्षा जास्त खुशीत दिसतो.

मी मोटारीच्या हौसेला नावे ठेवायला बसलेलो नाही. जोर वाढवावा असे वाटणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे. ते वाटणे थांबले की माणूस नुसता ढकलगाडीवर चालतो. पण जोर वाढवण्याचा क्रम असतो. आधी झेलणारे, मग वारे. आणि दाब वाढवणाऱ्याला आतले रॉड दिसत नसतात, म्हणून विचारायचे ते त्यांना विचारून घ्यावे.

या दिवाळीत तुमच्या घरी कोणी नवी टर्बो गाडी आणली असेल, तर तिची पूजा खुशाल करा, हार घाला, लिंबू चिरडा. फक्त “आणखी ३० घोडे वाढवून आणू का?” असे घरातल्या कोणी विचारले, तर “नको” म्हणू नका; पोरे त्याने हट्टाला पेटतात. त्याला एवढेच विचारा: “अरे, झेपेल का?” आणि गाडीला की तुला, की घराला, हे मुद्दामच सांगू नका. त्याचे त्याला शोधू द्या.